आपत्तीला चेहरा नको : चार गोष्टींच्या चित्रांच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२४

चारही गोष्टींचे खर्डे हातात आले. किल्लारीचा भूकंप, निसर्ग चक्रीवादळ, पंचगंगेचा महापूर आणि सह्याद्रीतली दरड. वाचक सात ते दहा वर्षांचे. प्रत्येक पुस्तक चोवीस पानी, आडव्या आकाराचं. लेखिका माझी जुनी मैत्रीण. चित्रं माझी, आणि चित्रं चालू असताना मुलांबरोबर तास घ्यायचे तेही माझ्याकडे, कारण चित्रकलेची शिक्षिका म्हणून वर्गात मी असतेच.

खर्डे एका बैठकीत वाचले. भाषा सुंदर आहे, वाक्यं मोठ्यानं वाचावीशी वाटतात. एका गोष्टीवरून मात्र रात्रीच फोन केला. भूकंपाच्या गोष्टीत जमिनीखाली एक राक्षस झोपलाय. तो कूस बदलतो आणि गाव पडतं.

“अगं, ठेवूया ना राक्षस,” ती म्हणाली. “मुलांना पटकन कळतं.”

“चित्रात राक्षस दाखवला की मुलं त्याच्याकडेच बघत बसतील. भिंतीकडे कुणी बघणार नाही. आणि किल्लारीत माणसं गेली ती भिंतीखाली.”

ती जरा थांबली. “बरं. तू भिंत काढून दाखव. मग बघू.”

वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहून टाकलाय. चारही पुस्तकांत आपत्तीला डोळे, दात, हात काही असणार नाही. पाणी पाणीच दिसेल, डोंगर डोंगरच. राक्षसापुढे मूल हतबल होतं. त्याला मारायला कुणी वीर यावा लागतो आणि तो आला नाही तर गोष्टच संपते. भिंत कशी बांधली होती, हे मूल विचारू शकतं.

१६ जून

साहित्याचं ठरवलं. मूळ चित्रं ३०० जीएसएमच्या कागदावर जलरंगात, रेषा काळ्या शाईच्या. संगणकावर फक्त स्कॅन आणि साफसफाई. प्रत्येक पुस्तकाला रंगांची वेगळी पेटी: महापुराला यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, वादळाला करडा-हिरवा, दरडीला काळपट हिरवा आणि मुरमाचा तांबडा, किल्लारीला मातीचा पांढुरका आणि रात्रीचा निळा. लाल भडक रंग कुठेच धोक्यासाठी वापरायचा नाही. लाल राखून ठेवलाय तो मदतीच्या वस्तूंना: दोर, शिट्टी, पिशवी. मुलांची नजर आधी लालवर जाते, तेव्हा ती कामाच्या वस्तूवर जावी.

२२ जून

महापुराच्या पुस्तकासाठी सहावी-सातवीच्या मुलांबरोबर तास. यांतल्या बऱ्याच जणांनी २०१९ चा पूर पाहिलाय, २०२१ चा तर सगळ्यांनीच. “पूर काढा” असं सांगितलंच नाही. तसं सांगितलं की सगळे निळ्या लाटा, उलटी होडी आणि “वाचवा वाचवा” काढतात. टीव्हीवर पाहिलेलं कागदावर येतं. मी विचारलं, “पाणी घरात यायला लागलं तेव्हा काय कुठं ठेवलं?”

मग वर्ग बोलायला लागला. फ्रिज पलंगावर, पलंग चार विटांवर. गव्हाची पोती माळ्यावर. पुस्तकं देवळीत. आजोबा घर सोडायला तयार नव्हते, म्हणून त्यांचा हुक्का आधी नेला आणि मग ते आपोआप आले. हे शेवटचं सांगताना त्या पोराला स्वतःलाच हसू आवरेना, आणि सगळा वर्ग हसला. पुराबद्दल बोलताना मुलं हसू शकतात हे मोठ्यांनी लक्षात ठेवायला हवं.

दोन चित्रं माझ्या टेबलासमोर लावून ठेवलीत. एका मुलीनं फक्त जिना काढलाय. माणूस नाही, होडी नाही. प्रत्येक पायरीवर वेळ लिहिली आहे: दुपार, पाच वाजता, जेवणाच्या वेळी, रात्री. पाण्याची रेघ पायरीपायरीनं वर गेली आहे. “आई दर वेळी बॅटरी मारून बघायची, कितवी पायरी बुडली ते.” दुसरं एका मुलाचं. गोठा, दोन म्हशी आणि दाव्याचं कापलेलं टोक. म्हशी घाईनं काढल्यात, पण दाव्याच्या टोकाचा एकेक धागा सुटा केलाय. पाणी चढलं की जनावराला बांधून ठेवायचं नाही, हे त्याला माहीत आहे. ते त्यानं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

पुस्तकाची रचना मला या जिन्यात सापडली. प्रत्येक उघड्या जोडपानावर डाव्या कडेला तोच जिना राहील आणि पाणी एकेक पायरी चढत जाईल. उजवीकडे त्या वेळी घरात कोण काय करतंय ते.

६ जुलै

महापुराच्या पुस्तकातला नकाशा. इथं मी मुद्दाम वेळ घालवतेय, कारण “खूप पाऊस पडला म्हणून पूर आला” एवढ्यावर मुलांना थांबवलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोक जिला गुप्त मानतात ती सरस्वती, अशा पाच मिळून पंचगंगा. प्रयाग चिखलीला संगम. तिथून ती कोल्हापूरला वळसा घालून पूर्वेला जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा स्वतःच दुथडी भरून वाहत असली की पंचगंगेला पुढे जायला वाट मिळत नाही. तिचं पाणी मागे फुगतं. म्हणून आकाश निवळलं, ऊन पडलं, तरी कोल्हापूरच्या बाजूला पाणी दिवसचे दिवस उतरत नाही. मोठ्यांनाही याचं कोडं पडतं.

चित्रात हे दाखवायला बाण काढले नाहीत. बाण मुलं ओलांडून जातात. त्याऐवजी नदीत तरंगणाऱ्या वस्तू काढल्या. वरच्या अंगाला झाडाची फांदी, घागर, चप्पल झपाझप वाहतात. खाली नृसिंहवाडीजवळ त्याच वस्तू दाटीनं एकाच जागी फिरतात. बोट ठेवून चप्पल शोधत गेलं की पाणी कुठं अडलंय ते कळतं.

राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजेही येणार. शाहू महाराजांच्या धरणाचे ते दरवाजे पाणी ठराविक उंचीला गेलं की आपोआप उघडतात. कोल्हापुरात पावसाळ्यात “किती दरवाजे उघडले?” आणि “बंधाऱ्यावर किती फूट?” हे दोन प्रश्न चहाबरोबर विचारले जातात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पुस्तकातली आजी हे आकडे सणवारांसारखे पाठ म्हणते.

२६ जुलै

चित्राचं काम बंद. पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली आहे, शाळांना सुट्टी आहे. काल नदीकडे जाणाऱ्या एका रस्त्याच्या तोंडाशी, पाण्यापासून बऱ्याच मागं उभी राहून फक्त रंग टिपून घेतले. पाणी निळं नाही, करडंही नाही. दूध जास्त पडलेल्या चहाचा रंग, आणि वर संथ फिरणारा फेस. आवाज जवळजवळ नाही. पुराच्या पाण्याला लाटा काढायचा मोह होतो, पण आपल्याकडचा हा पूर बिनआवाजाचा चढतो, हीच त्याची ओळख. वाहत्या पाण्यात पाऊल टाकू नये हे त्या संथपणामुळेच पटत नाही. वरून शांत, खाली ओढ. एका जोडपानात पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट ठेवून त्याखाली गवत एका दिशेला पार आडवं पडलेलं दाखवणार आहे.

गुऱ्हाळातली काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, पुस्तकात घेतली आहे. खेड्यांतून पुरात माणसं तिच्यात बसून पलीकडे जातात. शहरातल्या मुलांना ती गंमत वाटेल, म्हणून शेजारीच बचाव पथकाची रबरी बोट आणि अंगात जाकिटं. काहिलीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू नाही. मजकुरात एक शब्दही वाढवलेला नाही, पण कशात बसावं ते कळेल.

३१ जुलै

काल पहाटे वायनाडमध्ये दरड कोसळली. मुंडक्कई, चूरलमला. दिवसभर बातम्या बघवत नव्हत्या. तारीख ३० जुलै. दहा वर्षांपूर्वी, २०१४ ला, हीच तारीख होती तेव्हा आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. १५१ माणसं. त्यानंतर २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातलं तळीये, २०२३ च्या जुलैत खालापूरजवळची इर्शाळवाडी.

दरडीची गोष्ट लिहिताना लेखिकेनं गावाचं नाव दिलेलं नाही. ते योग्यच आहे. या गावांतली मुलं आज मोठी होताहेत. त्यांच्या हातात हे पुस्तक पडलं तर आपलं घर त्यात कुणाच्या तरी धड्यासाठी वापरलंय असं त्यांना वाटू नये. मी चित्रांतही कुठल्या ओळखीच्या डोंगराची आकृती घेणार नाही.

माळीणची एक गोष्ट मात्र घ्यायची आहे. गावाकडे आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलंच नाही, आणि बाहेर पहिली खबर त्यानं पोचवली. आमच्या गोष्टीत बसचा चालक आहे. रोज तेच वळण घेतो, रोज त्याला त्याच वळणावर देवळाचा कळस आणि वडाचं झाड दिसतं. सुरुवातीच्या तीन जोडपानांवर मी तेच वळण काढतेय, बसच्या काचेतून, वेगवेगळ्या ऋतूंत. चौथ्यात वळण आहे, काच आहे, वायपर आहे, आणि समोर ताजी उघडी तांबडी माती. कोसळतानाचा क्षण काढायचा नाही. तो क्षण काढला की ते चित्र थरारासाठी पुन्हा पुन्हा उघडलं जातं. मुलांना आधीची वळणं नीट बघायला लावायची, कारण खुणा तिथं आहेत.

११ ऑगस्ट

त्या खुणा पेरण्याचं काम. हे सगळ्यात आवडीचं. पहिल्या वळणात विजेचा खांब सरळ, दुसऱ्यात किंचित कललेला, तिसऱ्यात तारा ताणलेल्या. पहिल्यात झऱ्याचं पाणी स्वच्छ, तिसऱ्यात गढूळ. अंगणात बारीक भेग, पुढच्या चित्रात तीच भेग बोटभर रुंद. दार घासतंय म्हणून कुणीतरी उंबऱ्याशी रंधा मारतोय. झाडाचं खोड बुंध्याशी वाकलेलं. सगळी चिन्हं खरी आहेत. उतार हळूहळू सरकत असला की अशीच दिसतात. प्रत्येक वेळी आधी दिसतीलच असं नाही, हेही मजकुरात आहे.

मधल्या जोडपानावर डोंगराचा काप. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम, त्यावर माती. पाणी मातीतून मुरत खाली जातं, कातळाशी अडतं, माती जड होते, तिची कातळावरची पकड सुटते. काप काढताना कातळावर पाण्याचा नुसता पातळ निळा पापुद्रा ठेवला. त्याच्या वर घरं, झाडं, माणसं, गुरं. तो पापुद्रा दिसला की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

घरी शेजारची चौथीतली पोरगी येऊन बसली होती. तिला तीन वळणं एकापुढे एक ठेवून दाखवली. बराच वेळ बघून म्हणाली, “काकू, हे दार का घासतंय?” मी काही सांगितलं नाही. ती परत पहिल्या चित्राकडे गेली.

२५ ऑगस्ट

वादळाचं पुस्तक. यात मन रमतंय, कारण कोकणातली वाडी काढायला मिळते. माड, पोफळी, पोफळीवर चढलेली मिरी, खाली जायफळ, दांडाचं पाणी.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्यानं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, खाली दापोली तालुक्यापर्यंत वाड्या झोपल्या. टाळेबंदीचे दिवस होते, म्हणून शाळेच्या खोलीत आसऱ्याला आलेल्या माणसांच्या तोंडाला मास्क आहेत. सात वर्षांच्या वाचकाला ते आठवणार नाही. तो विचारेल, आणि घरातलं कुणीतरी सांगेल. चित्रानं असे प्रश्न घरात आणावेत.

उपग्रहावरून दिसणारा भोवरा काढताना दिशा पक्की ठेवली: आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. मुलांच्या पुस्तकांत हा भोवरा कसाही फिरवलेला असतो. इथं तो एका खुणेला जोडलाय. वादळ पुढे सरकतं तसा एकाच जागचा वारा दिशा बदलतो. म्हणून आधीच्या पानावर पोफळी समुद्राकडे वाकल्या आहेत, नंतरच्या पानावर डोंगराकडे. “एकदा वारा पडला म्हणजे संपलं असं समजून बाहेर पडायचं नाही” हे वाक्य लेखिकेनं आजोबांच्या तोंडी दिलंय, आणि झाडांचे हे दोन कल त्याला पुरावा आहेत.

कौलं उडतानाचं चित्र एकच. त्याच्या पुढे मागे मात्र दोन दिवसांची तयारी: पत्र्यावर दगड, होड्या वर ओढलेल्या, पाण्याच्या कळश्या भरलेल्या, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी लाल.

शेवटच्या पानाबद्दल आमची चर्चा झाली. खर्ड्यात दुसऱ्या दिवशी ऊन पडतं आणि सगळे मिळून नवी रोपं लावतात. रोपं लावली हे खरं. पण पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षं जातात, आणि तेवढी वर्षं त्या घराचं उत्पन्न गेलेलं असतं. मी सुचवलं की शेवटचं पान २०२७ चं असू दे. आठ वर्षांची नायिका पंधरा वर्षांची झाली आहे, आई-बाबांच्या केसांत पांढरं आलंय, आणि पहिला घोस धरलाय. लेखिकेला पटलं. भरून यायला किती काळ लागतो हे मुलांना सांगितलं पाहिजे.

१ सप्टेंबर

किल्लारीच्या पुस्तकासाठी औशाकडच्या एका गावात जुनं, अजून राहतं माळवदाचं घर बघायला मिळालं. घरमालक काकांनी त्यांच्या ओळखीच्या एका वयस्क गवंड्यांना बोलावून घेतलं होतं. परसात पडक्या भिंतीचा एक तुकडा उभा होता. तिच्या तुटलेल्या कडेसमोर मी बसले आणि दुपार होईपर्यंत तेवढीच कड काढली.

“बाई, ही भिंत एक न्हाई, दोन हायेत,” गवंडी मामा म्हणाले. हाताला धरून दाखवलं. बाहेरच्या अंगाला मोठे दगड, तोंड घडवलेले. आतल्या अंगाला दगड. दोन्हींच्या मधे दगडांचे तुकडे आणि चिखल. “आरपार जाणारा लांब दगड टाकला तर दोन्ही अंगं एकमेकाला धरून ऱ्हात्यात. पर तसला दगड मिळायचा न्हाई, घडवायला पैसा लागायचा. मग कोण टाकतंय?” जमीन हलली की बाहेरचं अंग बाहेर फुगतं, आतलं आत येतं.

आणि वर माळवद. लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी पुन्हा माती घालायची. बापानं घातली, आज्यानं घातली. छप्पर दरवर्षी जड होत गेलं. काही घरांत भिंती पडल्या तरी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि खालची माणसं वाचली, हेही मामांनी सांगितलं.

पण त्या खोलीत बसल्यावर आणखी एक कळतं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत गार. जाड भिंती आणि मातीचं छप्पर लोकांनी अडाणीपणानं बांधलेलं नव्हतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्याला ते अगदी चोख उत्तर होतं, आणि हा भाग भूकंपाचा म्हणून कुणी मानतच नव्हतं. तेव्हाच्या नकाशात तो सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. चित्रात घर आधी गार, सुखाचं दिसलं पाहिजे. नाहीतर मुलं मेलेल्यांनाच दोष देतील.

जोडपानाचा आराखडा जागेवरच पक्का केला. घराचा उभा काप. छपरातल्या मातीचा प्रत्येक थर वेगळ्या छटेचा, म्हणजे मुलं किती वर्षांची माती आहे ते मोजतील. भिंतीची दोन अंगं आणि मधली पोकळ भर. शेजारी त्याच मापाची दुसरी भिंत: कोपऱ्यात आणि मधेमधे आरपार दगड, दाराच्या वर सगळ्या घराला कमरपट्ट्यासारखी फिरलेली पट्टी.

संध्याकाळी फोटो मैत्रिणीला पाठवले. तिचा निरोप आला: “राक्षस काढून टाकलाय. आजीला मात्र म्हणू दे की शेषानं फणा हलवला.” आजीनं जरूर म्हणावं. आज्या म्हणतातच. शेषाचं चित्र नसेल. आजी बोलत असताना तिच्या पाठीमागे भिंत दिसेल.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. रात्रभर मिरवणुकीचा आवाज खोलीत येत होता आणि मी किल्लारीची रात्र रंगवत होते. १९९३ ला गणपती विसर्जन करून, थकून माणसं झोपली होती. ३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. पौर्णिमेला लागून असलेली रात्र, म्हणजे चंद्र जवळजवळ पूर्ण आणि त्या वेळेला पश्चिमेकडे कललेला. सावल्या लांब, पूर्वेकडे पडलेल्या. गल्लीत गुलाल, एका ओट्यावर ठेवलेलं लेझीम, दारात चपलांचा ढीग. हे धक्क्याआधीचं शेवटचं जोडपान. यात वाईट काहीही घडत नाही. याच पानावर मी सगळ्यात जास्त काम केलंय, कारण गाव म्हणजे काय होतं ते कळल्याशिवाय काय गेलं ते कळणार नाही.

धक्क्याचं पान कोरं निळं आहे. त्यावर फक्त वेळ.

३० सप्टेंबर

आज एकतीस वर्षं. सुमारे दहा हजार माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्याआधी लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. नव्या गावांतले रुंद सरळ रस्ते, एकसारखी घरं, जुन्या गल्ल्यांतली सावली गेलेली, दोन्ही गोष्टी पुस्तकात आहेत.

एका शाळेतल्या सूचनाफलकाचं चित्र कुणीतरी पाठवलं, तसं पान आपल्याही पुस्तकात घालावं म्हणून. मूल टेबलाखाली बसलंय, टेबलाचा पाय धरून. शाळेसाठी ते बरोबर आहे आणि वर्गाच्या चित्रात मी ते घेतलंय: खाली बसा, आडोसा घ्या, धरून ठेवा. पण पहाटे चारला जमिनीवर अंथरुणात झोपलेल्या मुलाच्या घरात टेबल नव्हतंच. अशा घरातल्या मुलाला वाचवण्याचं काम धक्क्याच्या आधी, भिंत बांधताना होतं. म्हणून पुस्तकाच्या शेवटी सूचनांऐवजी मुलांसाठी प्रश्न दिलेत. तुमच्या घराच्या भिंती कशाच्या आहेत? छप्पर कशाचं? पलंगाच्या वर काही जड टांगलंय का? अंधारात दारापर्यंत जायची वाट मोकळी आहे का? एका जागी रेघा आखून रिकामी चौकट ठेवली आहे, आपल्या घराचा काप काढण्यासाठी.

१९ ऑक्टोबर

पुस्तकांची डमी, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, घेऊन तिसरी-चौथीच्या वर्गात. मजकूर झाकून फक्त चित्रं दाखवली, पुस्तक त्यांनी आपलं आपण सांगायचं. दरडीच्या पुस्तकात कललेला खांब पहिल्यांदा शोधणाऱ्याला इतका आनंद झाला की पुढे सगळ्यांची शर्यतच लागली. महापुरात जिन्यावर बोट ठेवून पायऱ्या मोजल्या. वादळात पोफळींचा कल बदललेला दोघींना दिसला.

किल्लारीच्या पुस्तकाला वर्ग गप्प झाला. नायिकेचा शेजारचा मित्र गोष्टीत जातो. चित्रात पत्र्याच्या शेडमध्ये भरलेली शाळा आहे, मुलगी हातात त्याचा भोवरा धरून बसली आहे, बाई हजेरी घेताहेत. एक मुलगा म्हणाला, “तो मेला. लिहिलंय का तसं?” मी मजकुरावरचा कागद काढला. तिथं आहे: “तो वाचला नाही.” त्यानं मान हलवली आणि पान उलटलं.

“देवाघरी गेला” असं लिहावं, मुलं लहान आहेत, असं वर्गाबाहेर एका शिक्षिकेनं कळकळीनं सांगितलं. त्यांची काळजी मला कळते. पण मुलांना आधीच ठाऊक असलेली गोष्ट आपण फिरवून सांगितली तर पुढचा प्रश्न ती आपल्याला विचारत नाहीत, एकटी मनात ठेवतात. वाक्य आहे तसंच राहील. पालकांसाठीच्या पानावर मात्र एक ओळ वाढवली: हे पुस्तक झोपताना नको, दिवसा, जवळ बसून वाचा, आणि मूल थांबलं की तुम्हीही थांबा.

५ नोव्हेंबर

आज जागतिक सुनामी जागृती दिन. पालकांसाठीच्या पानावर एक उदाहरण हवं होतं, ते आज घातलं. इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या सुनामीनंतर आज्या-आजोबांनी नातवंडांना एकच गोष्ट सांगत ठेवली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरकला, तर थांबू नका, डोंगरावर पळा. २००४ ला लाट आली तेव्हा सुमारे ७८ हजारांच्या त्या बेटावर मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. त्या गोष्टीत मुलांना घाबरवायला काही नव्हतं. खूण होती आणि काय करायचं ते होतं. जवळजवळ शंभर वर्षं ती तोंडी टिकली.

दुष्काळाची गोष्ट या संचात घेता आली नाही याची मला रुखरुख आहे. १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडायची कामं, मिलो ज्वारी, सुकडी, हे सांगणारी माणसं अजून घराघरांत आहेत. पण जी आपत्ती एका रात्रीत येत नाही ती चोवीस पानांत कशी काढायची याचा विचार वेगळा करावा लागेल. पुढच्या वर्षी.

१६ नोव्हेंबर

छपाईचं प्रूफ आलं. पुराच्या पाण्याचा रंग काळपट आला होता. छापखान्यातल्या दादांबरोबर बसून त्यातलं काळं कमी केलं, पिवळा वाढवला, आता तो नदीचा वाटतो. किल्लारीच्या रात्रीचा निळा पहिल्या प्रूफलाच जमला. दरडीच्या कापातला पाण्याचा पापुद्रा शिवणीच्या फार जवळ येत होता, तो सहा मिलिमीटर डावीकडे घेतला, नाहीतर पान पूर्ण उघडल्याशिवाय दिसला नसता.

चारही पुस्तकं सोमवारी छपाईला जातात. पहिले गठ्ठे शिरोळ आणि औसा तालुक्यांतल्या शाळांना द्यायचे ठरलंय. त्यांच्याबरोबर चौकटीच्या पानाच्या सुट्या प्रतीही जाणार आहेत, घराचा काप काढायला, म्हणजे ज्यांना पुस्तकात रेघ मारायला जीव होत नाही त्यांनाही आपल्या घराची भिंत काढता येईल. भरलेली पानं शिक्षकांनी आमच्याकडे परत पाठवायची गरज नाही. ती मुलांनी घरी न्यावीत, आणि घरातल्या मोठ्यांना दाखवावीत.